एक पिशवी गेली, एक पिशवी आली

दर आठवड्याला या पानावर मी तुमच्याशी घरातल्या लहानसहान गोष्टी बोलत असते. दिवाळी अंकासाठी संपादक जागा जरा ऐसपैस देतात आणि "काहीतरी खुसखुशीत येऊ द्या" असा निरोपही धाडतात. यंदा मी त्यांना आधीच कळवून टाकले, की विषय खुसखुशीत नाही. विषय आहे लघवीच्या नळीचा. दोन दिवस उत्तर आले नाही. मग आले, "लिहा." तेव्हा ज्यांच्या हाती फराळाचे ताट असेल त्यांनी ते आधी संपवावे, आणि पुरुष मंडळींनी 'हे बायकांचे आहे' असे म्हणून पान उलटू नये. त्यांच्यासाठीही यात काम आहे. ते पुढे येईलच.

झाले असे, की भाद्रपदात एका वाचक भगिनीचे पत्र आले. नाव-गाव सांगत नाही. वय पंचावन्नच्या पुढे. अंग बाहेर येण्याचा त्रास काही वर्षांपासून आहे. उठताबसता ओढल्यासारखे होते, देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, खोकला आला की साडी खराब. पिशवी काढून आतली बाजू शिवून घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले त्याला तीन वर्षे झाली. पहिल्या वर्षी मुलीचे लग्न निघाले, दुसऱ्या वर्षी तिचे बाळंतपण, तिसऱ्या वर्षी घराला रंग. "पण ताई, खरे सांगू का? ही सगळी निमित्ते. मला कापाकापीची भीती नाही, भुलेची नाही. माझ्या धाकट्या जावेला मी त्या नळीसकट आणि खाटेला लोंबणाऱ्या पिशवीसकट पाहिले, तेव्हापासून मनाने घेतले आहे, की हे आपल्याच्याने होणार नाही. चार माणसांत असे दिसायचे? आणि नळी काढल्यावर लघवी झालीच नाही तर? जन्मभर ती पिशवी घेऊन हिंडायचे? हे डॉक्टरांना कसे विचारू? मुलाला तर नाहीच नाही."

हे पत्र माझ्याकडे यावे हा योगायोगच. कारण यंदा ज्येष्ठात मी त्याच वाटेने जाऊन आले. ऑपरेशन तेच, नळी तीच. आणि नळी काढल्यावर लघवी न होणे, ज्याची त्या भगिनीला एवढी धास्ती आहे, तोही प्रकार माझ्या वाट्याला आला. तेव्हा उत्तर द्यायचा थोडासा अधिकार मला आहे. मी डॉक्टर नाही. पण ऐकलेले, विचारलेले आणि भोगलेले असे तिन्ही माझ्यापाशी आहे.

ही नळी घालतात कशाला, तिथून सुरुवात करू. आपले मूत्राशय आणि गर्भाशय ही अगदी सख्खी शेजारीण. मधली भिंत म्हणजे नुसता पातळ पडदा. गर्भाशय काढताना मूत्राशय हलकेच बाजूला सारावे लागते, आणि ते भरलेले असले तर मध्ये येते, त्याला इजाही होऊ शकते. म्हणून ते रिकामे ठेवायचे. पुढे कमरेत दिलेल्या भुलेने काही तास मूत्राशय बधिरच असते. भरले तरी कळवत नाही. शिवाय लघवी तासाला किती होते यावरून मूत्रपिंडे ठीक चालली आहेत ना, शरीरात पाणी पुरेसे आहे ना, हे डॉक्टरांना कळते. आणि माझ्यासारखे पुढच्या बाजूचे शिवणकाम झाले असेल, तर तिथे सूज असते. ती उतरेपर्यंत मूत्राशयाला ताण नको. म्हणजे ही नळी म्हणजे आजार वाढल्याची खूण नव्हे. कित्येक जणी नळी दिसली की 'काहीतरी बिघडलेले दिसते' असे धरून चालतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

नळी मऊ असते, रबराची किंवा सिलिकॉनची. जाडीला नंबर असतो. बायकांना बहुधा १४ किंवा १६ नंबरची घालतात. नंबराला तिनाने भागले की जाडी मिलिमीटरमध्ये निघते. म्हणजे ५ मिलिमीटरच्या आसपास. शाळेतल्या शिसपेन्सिलीपेक्षा बारीक. बायकांचा मूत्रमार्ग असतो जेमतेम ४ सेंटिमीटर, त्यामुळे तिला फार लांबचा प्रवासही नसतो. आत गेल्यावर तिच्या टोकाशी असलेला इवलासा फुगा ५ ते १० मिलिलिटर शुद्ध पाणी भरून फुगवतात. तो मूत्राशयाच्या तोंडाशी बसतो आणि नळी आपोआप अडकून राहते. टाका नाही, चिकटपट्टी नाही. चालताना निसटेल, आत कुठे हरवेल, ही भीती त्या फुग्यामुळे उरत नाही. मात्र त्याच फुग्यामुळे हिसका देऊन नळी ओढायची नाही. आतले पाणी काढल्याशिवाय ती येत नाही आणि ओढली तर इजा होते.

फुग्याची ही युक्ती अमेरिकेतल्या सेंट पॉल गावच्या डॉ. फ्रेडरिक फोले यांची, १९३० च्या दशकातली. गंमत अशी, की पेटंट दुसऱ्याच्याच पदरात पडले, फोले त्यावर भांडून हरले, आणि नळीला नाव मात्र आजतागायत त्यांचेच आहे. सिस्टर "फोलीज आणा" म्हणतात तेव्हा त्या बिचाऱ्याचेच नाव घेत असतात. त्याआधी काय होते? वीज पकडायला पतंग उडवणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ साली आपल्या आजारी भावासाठी चांदीची लवचिक नळी करवून घेतली होती. आणि आपल्या सुश्रुतसंहितेत तर नाडीयंत्रांचा, म्हणजे पोकळ नळ्यांच्या उपकरणांचा, एक वर्गच सांगितला आहे. एवढ्या जुन्या वस्तूची आपण एवढी लाज धरावी याचे मला नवल वाटले.

लाज वाटली नाही असे मात्र मी म्हणणार नाही. नळी घातली तेव्हा मी भुलेत होते, त्यामुळे घालताना काही कळलेच नाही. जाग आल्यावर पहिली जाणीव झाली ती, "मला लघवीला जायचंय" ही. सिस्टरला तीनदा सांगितले. तिने तिन्ही वेळा न रागावता सांगितले, "काकू, तुमची होतेच आहे. फुगा आत टेकलाय ना, म्हणून तसं वाटतं. उद्यापर्यंत कमी होईल." आणि तसेच झाले. अधूनमधून एखादी कळ यायची, नळीच्या बाजूने थोडे ओले व्हायचे. तेही मूत्राशय फुग्यावर आवळते म्हणून होते. फार झाले तर त्यावर औषध असते.

दुसऱ्या दिवशीच्या राउंडचे मात्र विसरत नाही. मोठे डॉक्टर आले, मागे सात-आठ शिकाऊ मुले-मुली. एकाने पांघरूण सरळ वर केले. मला विचारले नाही की पडदा ओढला नाही. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंकडे आलेले गृहस्थ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना जे समजले ते त्या डॉक्टरांना समजले नाही. संध्याकाळी दुसऱ्या सिस्टर आल्या, त्यांनी आधी पडदा ओढला, हात धुतले, "आता मी नळीची जागा साबण-पाण्यानं पुसून घेते हं" असे सांगितले, आणि मग चादरीला हात लावला. काम दोघांचेही दोन मिनिटांचेच. तुम्हांला पडदा हवा असेल तर मागा. आवाज चढवायला नको, "आधी पडदा ओढाल का?" एवढे पुरते. दुसऱ्या राउंडला मी ते म्हटले, आणि एका शिकाऊ मुलीने चटकन उठून पडदा ओढला.

आता मुख्य भीती. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. पिचकारीने फुग्यातले पाणी ओढून घेतले, "लांब श्वास सोडा" म्हणाल्या, आणि सुळकन नळी बाहेर. चुणचुण, बस. मग पाणी प्यायचे आणि वाट पाहायची. चार ते सहा तासांत लघवी झाली पाहिजे, असे सांगितले होते. एक तास गेला, तीन गेले. पोट ताठरले. संडासात नळ सोडून बसले, कोमट पाणी ओतून पाहिले, पुढे वाकून पाहिले. थेंब-थेंब. शेजारच्या खाटेवरची, माझ्यानंतर ऑपरेशन झालेली मुलगी दोनदा जाऊन आली आणि माझ्याकडे पाहून ओशाळली. साडेपाच तासांनी सोनोग्राफीत आत ६०० मिलिलिटर लघवी दिसली. सर्वसाधारण मूत्राशय ४०० ते ५०० मिलिलिटरला गच्च होते. पुन्हा नळी. या वेळी मी जागी होते, म्हणून सांगते: बधिर करणारी जेली लावतात, क्षणभर टोचल्यासारखे, जळजळल्यासारखे होते, आणि पुढच्याच क्षणी जे सुटल्यासारखे वाटते त्याला तोड नाही.

रडू आले ते नंतर. "आता हे असंच राहणार का?" असे मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या खाटेच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, "पुढच्या बाजूचं शिवलं की असं बऱ्याच जणींना होतं. पाय मुरगळला की आठ दिवस टेकत नाही ना तुम्ही? तसंच आहे. सूज आहे, आणि फार ताणलं गेल्यामुळे स्नायू दमलाय. त्याला आठवडाभर विश्रांती देऊ. तुम्ही घरी जा, नळी घेऊनच जा." मूत्राशयाला नळीची 'सवय लागते' आणि मग ते काम विसरते, हा समज मी त्यांना विचारून घेतला. चार-आठ दिवसांत तसे काही होत नाही, म्हणाल्या. त्या भगिनीच्या 'जन्मभर'चे उत्तर एवढेच: ऑपरेशननंतरचा हा अटकाव बहुतेक सगळ्यांचा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जातो. ज्यांचा रेंगाळतो त्यांनाही दिवसातून काही वेळा स्वतः बारीक नळी घालून लघवी काढून टाकायला शिकवतात. पिशवी लटकवून हिंडावे लागत नाही.

अशी मी पार्ल्याला घरी आले, एक पिशवी दवाखान्यात ठेवून आणि दुसरी हातात घेऊन. आपण बायका गर्भाशयाला पिशवीच म्हणतो, त्यामुळे पहिले दोन दिवस फोनवर नुसता गोंधळ. नागपूरच्या वन्संनी विचारले, "पिशवी काढली ना गं?" यांनी फोन घेऊन सांगितले, "एक काढली, एक आहे अजून." वन्संनी घाबरून चौथ्या दिवशी विदर्भ एक्सप्रेस पकडली.

पिशवीचे पहिले शास्त्र असे, की ती नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, म्हणजे लघवी उताराने जाईल आणि मागे फिरणार नाही. पण जमिनीला टेकायला नको. आम्ही खाटेच्या दांडीला अडकवली. वन्सं आल्या आणि 'कुणाला दिसायला नको' म्हणून त्यांनी ती उचलून माझ्या शेजारी गादीवर ठेवली, वरून शाल घातली! हेतू चांगलाच, पण सूनबाईने हळूच खाली घेतली आणि म्हणाली, "आत्या, पाणी वर चढत नाही ना." नळी मांडीला पट्टीने नीट बांधून ठेवायची, म्हणजे हिसका बसत नाही. नळी आणि पिशवी यांचा सांधा उगीच उघडायचा नाही. जंतूंना तेच दार. रिकामी करायची ती खालच्या तोटीतून, अर्ध्याच्या वर भरू न देता, आधी-नंतर हात धुऊन. नळीची जागा रोज साध्या साबण-पाण्याने, पुढून मागे. डेटॉल वगैरे नको. आंघोळ करावी; अंगावरून पाणी घेतलेले चालते.

जंतूंचे भय खोटे नाही, तेही सांगते. नळी जितके दिवस आत, तितका लघवीला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. दिवसाला तीन ते सात टक्के, असा हिशेब आहे. म्हणूनच हल्ली साध्या ऑपरेशनात ती दुसऱ्या दिवशीच, कधी त्याच दिवशीही काढून टाकतात. "अजून हवी आहे का?" हे रोज विचारणे हा आगाऊपणा नव्हे. पण धोका आहे म्हणून नळी असेपर्यंत आपल्याच मनाने दुकानातून गोळ्या आणून घ्यायच्या नाहीत. त्याने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, लघवीत रक्ताच्या गुठळ्या आल्या, किंवा पिशवीत काही येईना आणि पोट फुगून दुखू लागले, तर मात्र सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. नुसती गुलाबी झाक पहिले दिवस असू शकते.

'पिशवीत काही येईना' हे आमच्याकडेही झाले. दुसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली ती पोटाच्या तटतटीने. पिशवी पाहिली, रात्री अकराला होती तेवढीच. यांनी चपला घातल्या, वन्संनी रामरक्षा सुरू केली. सूनबाईने दिवा लावला आणि नळी बोटांनी चाचपत आली. कूस बदलताना ती माझ्या मांडीखाली जाऊन दुमडली होती. सरळ केली मात्र, पिशवीत धार लागली. यांनी चपला काढल्या. रामरक्षा वन्संनी पुरी केली. तेव्हापासून घरचा नियम झाला: आधी नळी पाहायची, मग घाबरायचे.

पुरुष मंडळींचे काम आता येते. हे बँकेतून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी पिशवी रिकामी करायची वेळ आली तेव्हा सूनबाई ऑफिसला, मी वाकू शकत नव्हते. हे दारात उभे. मी म्हटले, "राहू द्या, ती येईल." काही बोलले नाहीत. बाह्या सारल्या, हात धुतले, प्लॅस्टिकचा मापाचा मग आणला, तोटी उघडली, मापून ओतले, पुन्हा हात धुतले आणि एक जुनी चोपडी काढून बसले. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेला पाणी, ताक, चहा, वरण, खर्चाला लघवी. पहाटे पाचची नोंदही चुकवीत नसत. तिसऱ्या दिवशी चेहरा उतरवून आले: जमा २२००, खर्च १७००, पाचशेचा ताळा लागत नव्हता! डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या हसल्या. घामातून, श्वासातून पाणी जातेच, म्हणाल्या. यांनी 'घाम व श्वास, अंदाजे' असा नवा रकाना आखला, तेव्हा कुठे झोपले. चाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझे पाय कधी चेपले नव्हते, की मी कधी चेपू दिले नव्हते. त्या आठवड्यात या चोपडीखेरीज त्याबद्दल आमच्यात काही बोलणे झाले नाही.

चार माणसांत दिसण्याचे काय? शेजारणी भेटायला येणारच. मी खणाचा एक जुना तुकडा काढला, जांभळा, नारळी काठाचा. वन्संनी हातशिलाईने त्याची खोळ शिवली, वर दोन बंद, खाली तोटीपुरती मोकळीक. पिशवी आत, खोळ खाटेच्या दांडीला. तीन शेजारणी येऊन बसल्या, चहा घेतला, दोघींना कळलेच नाही. तिसरीने 'खण कुठला?' म्हणून विचारले.

पण माझी स्वतःची अडचण वेगळीच होती. घरी देव आहेत. माझे ऑपरेशन ठरल्यापासून पूजा सासूबाई करीत होत्या, त्या चौऱ्याऐंशीच्या. एका सकाळी त्यांनी बसल्याबसल्या हाक मारली, "दिवा तरी लावून जा गं." मी उंबऱ्यात थांबले. पिशवी हातात. म्हटले, "हे घेऊन कशी येऊ?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "अगं, इतकी वर्षं पोटात घेऊन बसत होतीसच की देवापुढं. आता बाहेर दिसते एवढंच." मी दिवा लावला.

दुपारी त्यांनी मला जवळ बसवले आणि हळू आवाजात सांगितले, की यांच्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणानंतर त्यांचेही अंग बाहेर येत असे. धुण्याला बसले की, हांडा उचलला की. मऊ धोतराची घडी करून बांधायची आणि कामाला लागायचे. पन्नास वर्षे. सासऱ्यांना माहीत नव्हते, मुलांना माहीत नव्हते, त्यांच्या आईला कुणकुण होती, तिने "असतं बायकांना" म्हटले. "मला वाटायचं, सांगितलं तर दवाखान्यात नेतील आणि काय काय लावतील. म्हणून नाही सांगितलं." त्यांना पाठीमागच्या आठवड्यात मी माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे नेले. या वयात ऑपरेशन करायलाच हवे असे नाही, म्हणाल्या; आतून आधार देणारी एक रबरी कडी बसवून दिली, तीन-चार महिन्यांनी दाखवायला यायचे. परतताना रिक्षात बसताना सासूबाई म्हणाल्या, "घडी नाही बांधली आज." आणि बाहेर पाहत बसल्या.

ज्यांना पिशवी काढायची नसेल त्यांनी पर्याय जरूर विचारावेत. पिशवी न काढता ती जागच्या जागी वर बांधण्याच्या एका शस्त्रक्रियेला तर आपल्या मुंबईत नाव कमावलेल्या, मूळ गोव्याच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांचेच नाव आहे. सगळ्यांना सगळे लागू पडत नाही; पण विचारायला हरकत कसली? पत्र लिहिणाऱ्या भगिनीने हे प्रश्न तोंडी जमत नसतील तर चिठ्ठीवर लिहून न्यावेत आणि चिठ्ठी टेबलावर ठेवावी: नळी किती दिवस राहील, काढल्यावर लघवी झाली नाही तर काय करणार, नळीसकट घरी जावे लागले तर रात्री फोन कुणाला करायचा, आणि राउंडला पडदा ओढाल का. मुलाला सांगायचे नसेल तर सुनेला सांगा. सुनाही ऐकतात, माझी तर दोन वाजता दिवा लावून उठली.

माझी नळी आठव्या दिवशी निघाली. सकाळी आठला दवाखान्यात, तोच श्वास, तीच चुणचुण. दोन पेले पाणी प्याले. हे बाकावर चोपडी घेऊन. दोन तासांनी हुक्की आली. या वेळी अर्धवट उकिडवे न बसता कमोडवर नीट टेकून बसले, पाय जमिनीला, नळ सोडला आणि जोर केला नाही. जोर करायचा नाही हे आधीच बजावले होते. आधी जळजळ, आणि मग झाली! मापाच्या भांड्यात २५० मिलिलिटर. सोनोग्राफीत मागे उरली ६०. "शंभराच्या आत म्हणजे उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढचे दोन-तीन दिवस वारंवार जावे लागले, चुणचुणलेही. मग ते थांबले. जड उचलायचे नाही हा दंडक दीड महिना होता, आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही. कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो. पुढे तपासून घेतल्यावर ओटीपोटाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम सांगितला, तो मी भाजी निवडताना करते.

यांनी चोपडीत '२५०' लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि खाते बंद केले.

खोळ मी उकळत्या पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून कपाटात ठेवली होती. नवरात्रात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांचे ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. बसल्या, इकडचे तिकडचे बोलल्या, आणि जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "तुमचा तो खण होता ना, जांभळा..." मी काढून दिली. दोन्ही बंद जरा सैल झाले होते, तेवढे वन्संनी दिवाळीला आल्यावर शिवून दिले.